शब्द विचारले नाहीत

गेल्या जूनमधल्या एका रविवारी, सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी, सांगलीतल्या एका चर्चमध्ये चालू असलेला बाप्तिस्मा शमुवेल दानिएल वाघमारे यांनी पहिल्या बाकावरून उभं राहून थांबवला. बाळ चार महिन्यांचं होतं, पाळक तीस वर्षांचे आणि वाघमारे सत्तावन्न.

घडलं ते असं. पाळकांनी बाळ हातावर घेतलं, ठरलेले शब्द म्हटले आणि पाण्यासाठी वाडग्यात हात घातला. वाडगा कोरडा होता. चर्चचा शिपाई रजेवर होता आणि पाणी भरायचं राहून गेलं होतं. बाळाचा मामा धावत जाऊन व्हरांड्यातल्या पिंपातून तांब्या भरून घेऊन आला. पाळकांनी ओशाळून हसत ओंजळभर पाणी बाळाच्या डोक्यावर सोडलं आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

"थांबा," वाघमारे म्हणाले. "शब्द दहा वीसला झालं. पाणी दहा बावीसला आलं. शब्द सुकं गेलं, पाणी मुकं गेलं. ह्याला बाप्तिस्मा म्हणत न्हाईत."

बाळाची आजी मागून म्हणाली, "शमूदादा, बसा की खाली. मटण गार व्हायलंय."

"मटण तापवता येतंय," वाघमारे म्हणाले आणि उभेच राहिले.

पाळकांनी पुन्हा केलं. या वेळी पाणी आणि शब्द एका दमात. "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो." प्रत्येक नावाला वाघमाऱ्यांची मान एकदा हलली. बाळ रडलं. ते खाली बसले.

मी ख्रिस्ती नाही. बाळाचे वडील माझ्याबरोबर एका दैनिकात काम करतात, म्हणून गेलो होतो. वाघमाऱ्यांना मात्र मी त्याआधी वीस वर्षं ओळखत होतो, तेही मुख्यतः फोनवरून.

ते पाटबंधारे खात्यात होते. कृष्णेवरच्या पुलाच्या खांबावर फूट-इंचाची पट्टी रंगवलेली आहे. पावसाळ्यात ती दर तासाला वाचायची आणि वर कळवायची, हे त्यांचं काम. पुराच्या दिवसांत आम्ही वार्ताहर त्यांना फोन करायचो. ते आकडा सांगायचे आणि म्हणायचे, "वाचून दाखवा." आपण लिहिलेला आकडा आपणच त्यांना परत वाचून दाखवायचा. त्यांनी "बरोबर" म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. कलेक्टर कचेरीतल्या एका साहेबानं एकदा वाचून दाखवायला नकार दिला. वाघमाऱ्यांनी त्याला पुढचा आकडा सांगितला नाही. साहेबानं शेवटी शिपायाला वाचायला लावलं.

एकदा मी बातमीत आकड्याआधी 'सुमारे' हा शब्द घातला. दुसऱ्या दिवशी गळती छत्री घेऊन ते आमच्या कार्यालयात आले.

"सुमारे मी म्हणालो व्हतो का?"

"नाही. पण बातमीत तसं लिहायची पद्धत आहे."

"तुमची पद्धत हाय, नदीची न्हाई. काठावरचा माणूस तुमचा आकडा बघून म्हशी सोडतो, न्हाईतर बांधून ठेवतो. सुमारे वाचून त्यानं काय करायचं? सुमारे म्हशी सोडायच्या?"

त्यानंतर मी तो शब्द लिहिलेला नाही. 'तर' हा शब्दही त्यांना 'सुमारे'चा सख्खा भाऊ वाटतो. "पाऊस थांबला तर पाणी उतरेल" असं कुणी म्हटलं की ते म्हणतात, "थांबल्यावर फोन करा."

वाघमारे घाबरट आहेत. हे त्यांना स्वतःला मान्य आहे. स्लॅबच्या घरात ते झोपत नाहीत. विश्रामबागेच्या मागे पत्र्याच्या एका खोलीत एकटे राहतात. कपाटावर स्टीलच्या थाळीत काचेचे दोन पेले एकमेकांना टेकवून ठेवलेले असतात. जमीन हलली की पेले वाजतात, पेले वाजले की बाहेर पळायचं. शेजारच्या गिरणीतला पट्टा जोरात फिरला तरी पेले वाजतात. त्यामुळे आठवड्यातून दोनदा वाघमारे बनियनवर रस्त्यात उभे असतात. "गिरणीच हाय," असं गिरणीवाला दारातूनच सांगतो आणि ते आत जातात.

लग्न त्यांनी केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "लग्नाचं वचन लय लांब हाय. एवढं बरोबर म्हणणं माझ्यानं व्हायचं न्हाई."

चर्चमध्ये त्यांना कोणतंही पद नाही. पण बाप्तिस्मा असला की पहिल्या बाकाचं डावं टोक त्यांचं. पाणी केसांवर राहून चालत नाही, कातडीला लागलं पाहिजे. लागून चालत नाही, वाहिलं पाहिजे. ओतणारा आणि बोलणारा एकच पाहिजे. तिन्ही नावं पाहिजेत, त्याच क्रमानं. आणि देणाऱ्याच्या मनात द्यायचं पाहिजे. हे शेवटचं कसं तपासता, असं मी विचारलं होतं. "त्वांडाकडं बघून," ते म्हणाले.

मागच्या वर्षी फलटणकडचा एक प्रचारक दहा-बारा माणसं घेऊन सांगलीच्या घाटावर आला. त्यांच्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात, आणि तो फक्त येशूच्या नावानं. वाघमारे पायरीवर छत्री उघडून बसले.

"कुणाच्या नावानं देताय?"

"प्रभू येशूच्या, काका."

"बाकीचे दोघं?"

"काका, तिघं एकच आहेत."

"एकच हायत तर तिघांची नावं घ्यायला काय हुतंय? तुमाला काय नावागणिक अंगठा उमटवायचाय?"

प्रचारकानं नमस्कार केला आणि माणसं घेऊन पाण्यात उतरला. तेवढ्यात वाघमारे उठून त्याच्यामागे दोन पायऱ्या खाली गेले. "आवं, तिथं न्हाई. तिथं खड्डा हाय, माणूस बुडतंय. चार पावलं अलीकडं या. हां. आता द्या तुमचा अर्धा." पोहता न येणारा हा माणूस सगळ्यांचं उरकेपर्यंत गुडघाभर पाण्यात हात पसरून उभा होता.

कोरड्या वाडग्यात हात घालणारे ते पाळक, सुहास साळवे, चर्चमध्ये नवे आले तेव्हा त्यांनी वाघमाऱ्यांना चर्चच्या खोलीत चहाला बोलावलं. मीही होतो. पाळक शांत स्वभावाचे आहेत. ते म्हणाले, "काका, शब्द जपले पाहिजेत हे मला मान्य आहे. पण ते कशासाठी, तेही बघू. आपल्याकडे नवीन भांडं आणलं की त्यावर नाव घालतात. म्हणजे काय, तर हे भांडं या घरचं. बाप्तिस्मा म्हणजे तेवढंच. हे लेकरू या घरचं. कुठं हरवलं तरी परत इथंच यायचं."

"आन नाव अर्धंच घातलं तर?" वाघमारे म्हणाले. "भांडं शेजारच्याकडं जातंय. लग्नकार्यात गेलेली आमची कढई अजून आली न्हाई."

पाळक हसले. वाघमारे हसले नाहीत. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "तुमी बी देऊ शकता. लेकरू मरायला टेकलं आन पाळक जवळ नसला तर कुणीबी द्यावा. धर्म कुठलाबी असो. पाणी पायजे, शब्द पायजेत आन मनात पायजे. म्हणा बघू एकदा." घाटाच्या रस्त्यावर त्यांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

नोव्हेंबरअखेर वाघमारे निवृत्त झाले. डिसेंबरात जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. मिरजेच्या एका रुग्णालयात तपासण्या झाल्या. तीन नसा बंद होत्या. शस्त्रक्रिया लवकर करायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. जानेवारीतली तारीख मिळाली.

वाघमाऱ्यांनी ताबडतोब मरणाची तयारी सुरू केली. खोलीच्या किल्लीची दुसरी प्रत माझ्याकडे दिली. कफनासाठी कापड फाडून आणलं. दफनभूमीत जाऊन उतार कुठल्या बाजूला आहे ते बघून आले, कारण पावसाचं पाणी साठायला नको. आणि सगळे कागद एकत्र असावेत म्हणून त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चला पत्र लिहून स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल मागवली.

ती आली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांचा फोन आला. "लिवून घ्या," ते म्हणाले. ते वाचत होते, मी लिहीत होतो.

"शमुवेल. दानिएल व एस्तेर वाघमारे यांचा मुलगा. वय अकरा दिवस. कोयनेच्या वसाहतीत भूकंपाच्या दिवशी प्राणसंकट पाहून शेजारणीने बाप्तिस्मा दिला. शब्द विचारले नाहीत."

मी वाट पाहिली. ते "वाचून दाखवा" म्हणाले नाहीत.

मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते दारात पायरीवर बसले होते. नक्कल मांडीवर होती. त्यांची आई त्या भूकंपात गेली, एवढंच त्यांना लहानपणापासून माहीत होतं. वडील प्रकल्पावर सुतार होते आणि त्या पहाटे पाळीवर होते, म्हणून वाचले. त्यांनी त्या दिवसाबद्दल कधी तोंड उघडलं नाही. शमुवेल दहा वर्षांचा असताना तेही गेले. पुढचं सगळं मिशनच्या वसतिगृहात. बाप्तिस्मा पाळकानंच दिला असणार, असं वाघमारे धरून चालले होते. नोंदीखालच्या तारखेप्रमाणे पाळक दोन दिवसांनी पोहोचला होता. त्यानं फक्त नोंद केली होती.

"त्यानं इचारलं न्हाई," वाघमारे म्हणाले. "दोन वळी लिवल्या आन पुढं गेला. आन मी जल्मभर दुसऱ्याचं तपासतोय."

मी म्हणालो, त्या धावपळीत त्यानं काय विचारायचं. माणसं गाडली गेली होती.

"मला कळतंय ते. पण माझं काय झालं? झाला का न्हाई झाला?"

पाळक साळवे संध्याकाळी आले. त्यांनी वाघमाऱ्यांचा हात हातात घेऊन सांगितलं की काळजीचं कारण नाही, हवं तर उद्याच बाप्तिस्मा देतो. वाघमाऱ्यांनी हात सोडवून घेतला.

"बाप्तिस्मा एकदाच हुतोय. तो झाला आसंल आन मी परत घेतला, तर पहिला खोटा म्हणल्यासारखं हुतंय. आन झालाच नसंल, तर मी कोण हाय?"

"देव शब्द मोजत नाही, काका."

"मग तुमी कशाला म्हणता ते?"

वाघमारे नक्कल घडी घालत खालच्या आवाजात म्हणाले. "आई तिकडं हाय. तिनं मला अकरा दिवस बघितलंय. आता डोक्यावर केस न्हाईत माझ्या. मी टेबलावर गेलो आन वर पोचलो, तर तिनं ओळखायचं कशावरनं? नावावरनंच न्हवं का? आन नावच नीट घातलं नसलं तर?"

जानेवारीची तारीख त्यांनी रद्द केली. डॉक्टर चिडले. पुढच्या दोन आठवड्यांत कधीही काहीही होऊ शकतं, असं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. वाघमाऱ्यांनी मान हलवली. खोलीवर परतताना ते रिक्षात दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते. ते मला म्हणाले, "तुमी पत्रकार हाय. ती बाई हुडका. जित्ती आसंल तर."

नोंदीत शेजारणीचं नाव नव्हतं. प्रकल्पावरच्या जुन्या कामगारांची नावं मिळवून मी फोन करत गेलो. बरेच फोन घेतले गेले नाहीत, काही घेतले ते मुलांनी आणि वडील वारल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी कराडचे एक निवृत्त फिटर भेटले. वाघमारे सुताराच्या भिंतीला भिंत लागून ड्रिल मशिनवरच्या मुलाणींचं घर होतं, असं त्यांना आठवलं. मुलाणी वारले होते. त्यांची बायको जैनबबी साताऱ्यात मुलाकडे होती. मुलाचं गाद्यांचं दुकान आहे.

आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो. कराडच्या पुढे वाघमाऱ्यांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मला वाटलं छातीत दुखतंय. ते म्हणाले, "परत फिरू या. तिनं काय भलतंच सांगितलं तर?" पाच मिनिटांनी ते पुन्हा गाडीत बसले.

किल्ल्याखालच्या एका गल्लीत दुकान होतं, दुकानामागे घर. जैनबबी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. मुलानं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "अम्मी, कोयनेच्या वाघमारे सुताराचा मुलगा आलाय." त्यांनी वाघमाऱ्यांना जवळ बोलावलं, त्यांच्या टकलावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"शमू," त्या म्हणाल्या. "लय मोठा झालास रं."

"चाची, मला एक इचारायचंय."

"म्हाईत हाय मला. बस."

मग त्यांनी सांगितलं. मी टिपून घेतलं, ते असं आहे.

"पहाट हुती. थंडी लय. आमचं मालक बी तुझ्या बापासंगं पाळीवर. घर अंगावर आलं तवा मी दारात हुते, म्हणून वाचले. तुमच्या घरातनं तुझा आवाज यायचा. मी दगडं काढत गेले. तुझी आई कमरंपातूर वाशाखाली. तू तिच्या कुशीत. तिनं हातानं तुला म्होरं ढकलला. मी म्हणलं, एस्तेर, तुला वडते. ती म्हणली, न्हाई, पानी आन. हांडा फुटलेला, तळाला ओंजळभर पानी. मी तिच्या तोंडाला लावाय गेले. ती पेली न्हाई. म्हणली, पोराच्या डोस्क्यावर घाल आनि मी सांगते ते म्हन. तू निळा पडला हुतास रं. तिला वाटलं तू बी चाललास.

"ती म्हणली, पित्याच्या. मी म्हणलं, पित्याच्या. पानी घातलं. ती म्हणली, पुत्राच्या. मी म्हणलं, पुत्राच्या. आनि घातलं. मग ती बोलंना. मी वाट बघितली. एस्तेर, म्होरं काय, एस्तेर. जमीन परत हलाय लागली. माझ्या हातात थोडं पानी उरलेलं, बोटांतनं गळाय लागलं. मला तुमच्यातलं काय म्हाईत? मी तिच्याकडं बघितलं. आनि म्हणलं, पित्याच्या, पुत्राच्या आनि एस्तेरच्या नावानं. आनि घातलं पानी."

दुकानातून कापूस पिंजायच्या यंत्राचा आवाज येत होता. मुलानं जाऊन ते बंद केलं.

"दोन दिसांनी तुमचा पाद्री आला," जैनबबी म्हणाल्या. "म्हणला, बाप्तिस्मा दिला का? मी म्हणलं, व्हय. काय म्हणलीस, ते त्यानं इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. मग म्हैनाभर तू माझ्यापाशीच हुतास. तुझा बाप तुला घिऊन गेला तवा बी मला सांगावं वाटलं. भ्या वाटलं. मरनारीनं एक काम सांगितलं, आनि मी ते आपल्या मनानं पुरं केलं. चुकलं आसंल, तर पोराचं काय व्हायचं? नमाजाला बसले की रोज ह्येच डोस्क्यात."

वाघमाऱ्यांच्या शर्टाच्या खिशात त्यांनी आणलेला कागद होता. त्यावर विचारायचे सात प्रश्न क्रमानं लिहिलेले होते. मी ते सकाळी पाहिले होते. त्यांनी कागद बाहेर काढला नाही. एकच प्रश्न विचारला.

"पाणी कातडीला लागलं व्हतं का?"

"डोळ्यात गेलं तुझ्या. रडलास. तवा कळलं की जित्ता हाईस." त्या थांबल्या. "शमू, खरं सांग. चुकलं का माझं?"

वाघमाऱ्यांना मी वीस वर्षं ओळखतो. चुकीचा आकडा त्यांनी कलेक्टरलाही सोडलेला नाही.

"न्हाई, चाची," ते म्हणाले. "बरोबर म्हणलंस."

परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "ती पेली न्हाई," ते म्हणाले.

शनिवारी त्यांनी पाळकांना सगळं सांगितलं. पाळक साळव्यांनी जुन्या उपासनेच्या पुस्तकातला एक भाग काढून दाखवला. बाप्तिस्मा झाला की नाही याबद्दल शंका असेल, तर तो असा देतात: "तुझा बाप्तिस्मा पूर्वी झाला नसेल, तर मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." मग ते अडखळले. त्यांना अवघड वाटत होतं, पण ते प्रामाणिक आहेत.

"पण काका, हे शंका असली तरच. आता आपल्याला शब्द कळलेत. तिसरं नाव घेतलं गेलं नाही. तुमच्याच नियमानं बघितलं, तर शंका उरत नाही. मला साधाच बाप्तिस्मा द्यावा लागेल."

"साधा नको."

"का?"

"साधा दिला म्हंजी त्या सकाळी काय झालंच न्हाई म्हणायचं. दोघींनी मिळून जे केलं ते काय न्हवतंच." "तुमी ते वाक्य घाला. झाला नसंल तर."

"काका, तुम्हाला शंका आहे?"

"हाय मला," वाघमारे म्हणाले. "लय हाय."

पाळकांनी पुस्तक मिटलं आणि होकार दिला.

विधी रविवारी उपासनेनंतर झाला. वाघमाऱ्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे चर्चमध्ये आम्ही चौघंच होतो. चौथ्या जैनबबी. मुलानं त्यांना साताऱ्याहून गाद्यांच्या टेंपोत पुढच्या सीटवर बसवून आणलं होतं आणि तो बाहेर टेंपोत थांबला होता. त्या मागच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसल्या. वाघमाऱ्यांनी त्यांना हाताला धरून पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला आणलं. चष्मा काढून त्यांच्याकडे दिला आणि वाडग्यापाशी गेले.

पाळकांनी खुर्ची देऊ केली, ती त्यांनी नको म्हणून सांगितली. पाणी तीनदा घातलं गेलं. "पवित्र आत्म्याच्या" या शब्दाला त्यांनी डोळे घट्ट मिटले. पाणी मानेवरून शर्टात गेलं. नंतर पाळकांनी टॉवेल पुढे केला, तर म्हणाले, "राहू द्या, वाळंल." नोंदवहीत काय लिहू, असं पाळकांनी विचारलं. वाघमाऱ्यांनी दोन ओळी सांगितल्या आणि साताऱ्याच्या जुन्या नोंदीचा क्रमांक त्यात घालायला लावला. मग जैनबबींचं पूर्ण नाव सांगितलं आणि ते साक्षीदाराच्या रकान्यात येऊ शकतं का, असं विचारलं. नियमात बसत नाही, असं पाळकांनी सांगितलं. वाघमाऱ्यांनी नियम मान्य केला. नाव शेराच्या रकान्यात घेतलं गेलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता ते मिरजेच्या रुग्णालयात दाखल झाले. बुधवारी पहाटे साडेसहाला त्यांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. स्ट्रेचरवर त्यांचे दात वाजत होते. भीती वाटते का, असं भूल देणाऱ्या डॉक्टरनं विचारलं. ते म्हणाले, "व्हय. पण कालच्यापरीस कमी."

जैनबबी रविवारपासून सांगलीतच होत्या, वाघमाऱ्यांच्या पत्र्याच्या खोलीत. बुधवारी त्या माझ्याबरोबर शस्त्रक्रिया विभागाबाहेरच्या बाकावर बसल्या. दुपारपर्यंत त्या पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. मी दोनदा बाटली पुढे केली, दोनदा त्यांनी ती बाजूला ठेवली. साडेबाराच्या सुमाराला नव्हे, बारा वाजून पस्तीस मिनिटांनी, एक परिचारिका बाहेर आली.

"शमुवेल वाघमारे यांच्या घरचं कोण आहे?"

मी उठायच्या आधी जैनबबी भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"मी हाय," त्या म्हणाल्या.

परिचारिकेनं नातं विचारलं नाही. तिनं त्यांना हाताला धरून आतल्या दारापाशी नेलं. तिथे हिरवी टोपी घातलेले डॉक्टर उभे होते. त्यांनी वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्या परत आल्या, बाकावर बसल्या आणि बाटली मागून घेऊन पाणी प्यायल्या.